कोंड्या आणि मंडईची ढाल

आमच्या गावात कोणाच्या घरी गेलं की फाटकातूनच "हाये का जी घरी?" असं विचारायची पद्धत आहे. आमच्या फाटकाशी मात्र लोक वेगळं विचारायचे. "बांधला का जी?" एवढंच. आतून माय ओरडायची, "बांधला हाये, या!" आणि तरीही येणारा माणूस अर्धा आत, अर्धा बाहेर असा उभा राहायचा. दोर, दोराची गाठ आणि दोराच्या टोकाला असलेला कोंड्या हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत त्याचं दुसरं पाऊल आत पडायचं नाही. काही जण तर गल्लीतूनच निरोप सांगून निघून जायचे. त्यामुळे आमच्या घरची बरीचशी कामं ओरडून व्हायची, आणि आमच्याकडे काय चाललंय ते गल्लीला आमच्याआधी ठाऊक असायचं.

कोंड्याला बाबांनी तुमसरहून आणलं होतं. शेजाऱ्यांच्या धानाच्या गाडीसोबत ते तिथल्या एका राइस मिलवर गेले होते. परतले तेव्हा म्हशीसाठी आणलेल्या कोंड्याच्या पोत्यावर कुत्र्याचं एक पिल्लू बसलेलं होतं, पोत्यातल्या कोंड्याच्याच रंगाचं, त्यातच लोळून आलेलं. मिलच्या आवारात हमालांच्या पायांत ते सारखं येत होतं आणि लाथा खात होतं, म्हणून उचललं, असं बाबा म्हणाले. बाबा मुळातच कमी बोलणारे. एवढंसुद्धा त्यांनी पाणी पिता पिता सांगितलं आणि तांब्या ठेवून कोठ्यात निघून गेले. कोठा म्हणजे आमच्याकडे गुरांचा गोठा. त्या घरात चुली दोन होत्या, एक आमची आणि एक मोठेबाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची. अंगण मात्र एकच होतं आणि अंगणात काय राहील, काय जाईल हे मोठेबाबा ठरवायचे. पिल्लू पाहून ते म्हणाले, "राहू दे. राखण करन." त्या एका शब्दावर कोंड्या आमचा झाला, आणि त्यानं राखण इतकी मनावर घेतली की पुढं सगळ्यांना डोकं धरून बसायची वेळ आली.

सकाळी माय सडा घालायची त्याचा सपसप आवाज, मग चुलीतल्या काड्यांचा, मग दुरून गुरांच्या गळ्यातल्या घंट्यांचा. त्या घंट्यांच्या मागून रुषीकाकांची हाक यायची, "सोडा जी ढोरं!" रुषीकाका गावाची गुरं चारणारे. घराघरातून गाई-म्हशी सुटायच्या आणि त्यांच्या कळपात मिसळायच्या. खांद्यावर आडवी काठी आणि काठीला लटकलेली भाकरीची गठडी, असे ते आमच्या फाटकासमोर आले की कोंड्या दोराच्या टोकापर्यंत झेपावायचा. पुढचे दोन्ही पाय हवेत, मानेचे केस उभे, आणि भुंकणं असं की म्हैस बिचकून उलटी फिरायची. रुषीकाका त्याला रोज नवी शिवी द्यायचे. त्यांच्याजवळ शिव्या बऱ्याच होत्या. "काय रे कोतवाल, आज पगार झाला नाही वाटते!" ही त्यातली सगळ्यात सौम्य.

त्याच वर्षी मी साकोलीच्या कॉलेजात जायला लागले. आमच्या घरातून बारावीच्या पुढं गेलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे कॉलेजात काय करतात हे मला विचारायला कोणी नव्हतं आणि घरच्यांना सांगायला मला काही येत नव्हतं. हजेरी घेताना सर नाव घेत आणि मी "प्रेझेंट सर" म्हणत असे, पण ते मलाच ऐकू येत नसे. त्यामुळे मी बऱ्याचदा हजर असून गैरहजर असायची. बाकावरून उठून पुन्हा मोठ्यानं सांगावं, एवढं धैर्य माझ्यात नव्हतं. घरी आले की मात्र कोंड्या माझ्यासाठी अंगणभर असा फिरायचा, जसं काही मी परदेशातून आलेय. जो कुत्रा गावाला वाघ वाटायचा तो माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपायचा. ही गोष्ट मी कोणाला सांगितली असती तरी कोणाला पटली नसती.

आमच्या भागात दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई असेल त्या गावात घरोघरी पाहुणे येतात. दुपारी दुकानं, काळे उकडलेले शिंगाडे, गरम जिलेबी. आणि सगळ्यांआधी गुरं चारणाऱ्या गोवारी लोकांची ढाल निघते. उंच बांबूला रंगीत कापड गुंडाळलेलं, टोकाला मोरपिसांचा झुपका. ती घेऊन गोवारी मंडळी ढफडं आणि बासरी वाजवत, नाचत दारोदार जातात. प्रत्येक अंगणात ढाल उभी राहते, घरची बाई तिला ओवाळते, सुपात धान देते. ज्या दारात ढाल उभी राहिली त्या घरचं वर्ष बरं जातं असं मानतात. ढाल खांद्यावरून आणण्याचा मान आमच्या गावात रुषीकाकांचा. कोंड्या मोठा झाल्यावरच्या पहिल्या मंडईत ती ढाल आमच्या दाराशी आली, आणि कोंड्यानं दोर तोडला.

तो कोणाला चावला नाही. पण तो ढालीच्या बांबूवरच झेपावला, रुषीकाकांच्या धोतराचा सोगा त्याच्या दातांत आला, ढफडेवाला मागच्या मागे बासरीवाल्यावर पडला आणि सगळी मंडळी उलट फिरून पळाली. ढाल पुढच्या घरी गेली. आमच्याकडे परत आली नाही. माय हातात आरतीचं ताट घेऊन तशीच उभी राहिली. मोठेबाबा सपरीत, म्हणजे घरासमोरच्या पडवीत, पाहुण्यांसोबत बसले होते.  त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते टोपी कधी काढत नसत.

दुसऱ्या दिवशी रुषीकाका स्वतः आले. रागावलेले नव्हते, पण चेहरा उतरलेला होता. "भाऊ," ते मोठेबाबांना म्हणाले, "माह्या खांद्यावरून ढाल कोणाच्या दारातून परत गेली नव्हती. माह्या बापाच्याही नाही. आता तुमी सांगा, मी काय करू?" आणि मग त्यांनीच उपाय सांगितला. कळपातली एखादी गाय पळकुटी निघाली, लोकांच्या धानात शिरायला लागली, तर तिच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, त्याला लोढणं म्हणतात. गाय धावायला लागली की ते तिच्या पुढच्या पायांवर आदळतं आणि चार दिवसांत ती चालायला शिकते. "गाय सुधरते तर कुत्रं काहून नाही सुधरन?" रुषीकाका म्हणाले. सगळ्यांना ते पटलं. मलाही. आम्ही शेतकरी माणसं, जनावर म्हणजे आमच्यासाठी आधी गाय-बैल. मोठेबाबांनी बाभळीचा एक तुकडा तासला, त्याला भोक पाडलं आणि कोंड्याच्या गळ्यात अडकवला.

कोंड्या सुधारला नाही. खांद्यावर काही घेतलेला माणूस फाटकाशी दिसला की तो झेपावायचा, लाकूड त्याच्या गुडघ्यांवर आदळायचं, तो कळवळायचा आणि आणखी जोरात भुंकायचा. काही आठवड्यांत त्याच्या पायांवरचे केस गेले. माणूस दिसला की दुखतं, एवढा एकच धडा त्या लाकडानं त्याला रोज दिला. आता तो गल्लीच्या टोकावरच्या चाहुलीवरसुद्धा उठायचा. पुढं मी शहरात राहायला गेले तेव्हा कळलं की अशा कुत्र्यांना तिथं 'रिऍक्टिव्ह', म्हणजे चटकन बिथरणारे, म्हणतात आणि त्यांना शिकवायला माणसं येतात. तेव्हा आमच्याजवळ एकच शब्द होता, 'चावरा', आणि जो कधी कोणाला चावलाच नाही त्याला तो शब्द चिकटला होता.

पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला व्हायचं ते झालं. संध्याकाळी गुरं परतत होती आणि फाटक उघडं होतं. मोठेबाबांची गाय आत यायच्या गडबडीत कोंड्या लोढण्यासकट बाहेर निसटला. रुषीकाका मागे सरकता सरकता नालीत पडले आणि त्यांचा पाय मुरगळला. त्यांना चौघांनी धरून आमच्याच सपरीत आणून बसवलं. मायनं हळद गरम केली. मोठेबाबा कोंड्याकडे बघत होते, आणि कोंड्या खुंटाला बांधलेला, लाकूड पायांत घेऊन धापा टाकत होता.

"आता झालं," मोठेबाबा बाबांना म्हणाले. "पोत्यात घाल अन् चुलबंदीच्या पलीकडे सोडून ये. दिवाळीच्या आधी."

नदीपलीकडे सोडलेल्या कुत्र्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. नवीन गावची कुत्री त्याला जगू देत नाहीत. त्यात हा असा, गळ्यात लाकूड असलेला आणि माणसाला भिणारा. बाबा खाली बघत होते. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील.  मग कोणीतरी "मंडईपर्यंत थांबा ना," असं म्हणालं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते मीच म्हणाले.

"मंडईपर्यंत काय होणार हाये?" मोठेबाबांनी विचारलं.

"ढाल अंगणात येईन," मी म्हणाले.  "कोंड्या काही नाही करणार. अन् ढाल परत गेली तर... मंग तुमी म्हणाल ते."

"कॉलेजात हे शिकवून राहिले का?" मोठेबाबा म्हणाले. पण रुषीकाका हळदीचा पाय हातात धरून हसले. "राहू द्या भाऊ. तसाही माहा एक पाय उरला हाये."

मी बोलून तर गेले, पण काय करायचं ते मला माहीत नव्हतं. घरात एकच मोबाइल होता, बाबांचा. त्यावर मी एक हिंदी व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा मोठ्या शहरातला माणूस गुळगुळीत फरशीवर त्याच्या कुत्र्याला बिस्किटं देत होता आणि कुत्रा त्याच्याकडे पाहत होता. त्यातलं फारसं मला कळलं नाही. पण ते कुत्रं मालकाकडे पाहतं, हे माझ्या डोक्यात राहिलं. कोंड्या बाहेरच्या माणसाला पाहायला लागला की मी त्याच्या शेजारी असूनही नसल्यासारखी व्हायची.

त्या दिवसांत धान कापणीला आलेलं होतं आणि पाखरं हाकायला मला आमच्या बोडीवर, म्हणजे शेताजवळच्या लहान तलावावर बसावं लागायचं. पुस्तक घेऊन मी बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसायची आणि कोंड्याला सोबत न्यायची. जाताना मी त्याचं लोढणं काढलं. परत घातलं नाही. मोठेबाबांनी एकदा विचारलं, "लोढणं कुठी हाये?" तर बाबा, जे कधी मध्ये बोलत नसत, ते म्हणाले, "चुलीत." मायनं खरंच त्यावर भात शिजवला होता.

पाळीवरून गावचा रस्ता लांबवर दिसतो. रस्त्यावर एक मोठं मोहाचं झाड आहे. तिथं बसून मी पुस्तकापेक्षा कोंड्याकडेच जास्त पाहिलं असेन. माणूस रिकाम्या हातांनी गेला तर कोंड्या एक कान वर करायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. पण कोणी डोक्यावर धानाचा भारा घेऊन, खांद्यावर फावडं घेऊन गेलं की तो उठून बसायचा, मानेचे केस ताठ. सायकलवर पोतं असलं तरी तेच. मला मिलमधले हमाल आठवले. पाठीवर पोती, आणि पायांत एक पिल्लू. आमच्या गावात कोण रिकाम्या हातानं चालतं? प्रत्येकाच्या खांद्यावर काहीतरी असतंच. म्हणून तो सगळ्यांवर भुंकतो असं वाटायचं. आणखी एक गोष्ट दिसली. भारा घेतलेला माणूस मोहाच्या झाडापलीकडे असला तर कोंड्या उठून बसायचा, पण भुंकायचा नाही. झाडाच्या अलीकडे आला की भुंकायचा. म्हणजे भीतीला एक हद्द होती, आणि ती मोहाच्या झाडाशी होती. हे मला समजलं तेव्हा कोणाला तरी धावत जाऊन सांगावंसं वाटलं. पण पाळीवर पाखरांशिवाय कोणी नव्हतं.

बिस्किटं कोंड्याला आवडत नसत. त्याला आवडायचे झिंगे. तलावातली बारीक कोळंबी वाळवून ठेवतात, ती वांग्यात घालून माय जी भाजी करायची तिचा वास आला की तो चुलीजवळून हलत नसे. मी मायच्या डब्यातून मूठभर झिंगे ओढणीच्या टोकाला बांधून न्यायला लागले. भाऱ्याचा माणूस झाडापलीकडे दिसला की झिंगा. माणूस दिसेनासा झाला की झिंगे बंद. पाळीवरून मी थेट बसला धावायची, त्यामुळे कॉलेजच्या बसमध्ये माझ्याजवळची जागा रिकामी राहायला लागली. एक मैत्रीण नाकाला रुमाल लावून म्हणाली, "वर्षा, तू कॉलेजात येऊन राहिली का बाजारात बसून राहिली?" सगळी बस हसली. मीही हसले. मायनंही डबा रिकामा झालेला पाहून आरडाओरडा केला. "भाजीत काय घालू, तुही पुस्तकं?" असं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून झिंग्यांची मोठी पुडी घेऊन आली.

आता मला एक भारेवाला हवा होता, जो मी म्हणेन तिथं थांबेल. रुषीकाकांचा पाय बरा झाला होता. मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात नव्या ढालीचा बांबू तासत होते.

"रुषीकाका, उद्यापासून ढोरं घेऊन येताना मोहाजवळ थोडं थांबता का? खांद्यावरची काठी तशीच ठेवून?"

"कायले? तुह्या कुत्र्याले माहा फोटो पाहिजे का?"

"त्याले तुमचं भ्या वाटते. भ्या घालवायचं हाये."

ते तासायचं थांबले. "त्याले माहं भ्या वाटते? अन् मले वाटते मीच त्याले भ्यातो!" मोठ्यानं हसले. मग गंभीर झाले. "बाई, लोढणं मीच सांगतलं होतं. गायीचं औषध कुत्र्याले देल्लं आपण. थांबतो. पण दुसरा पाय गेला तर तुह्या कॉलेजात मले उचलून न्यायचं."

आम्ही सुरुवात केली. मोहापलीकडे रुषीकाका काठी खांद्यावर टाकून उभे राहायचे, गुरं इकडंतिकडं पांगायची, आणि पाळीवर मी झिंगे देत बसायची. एकदा सगळं छान चाललंय असं पाहून मी त्यांना एकदम जवळ बोलावलं. कोंड्या असा उसळला की दोर माझ्या तळहातातून घासत गेला आणि त्यानंतर किती तरी दिवस तो झाडापलीकडेही भुंकत राहिला. पुन्हा पहिल्यापासून. रुषीकाका कंटाळले नाहीत. त्यांना त्यात गंमत वाटायला लागली होती. ते लांबून ओरडायचे, "मास्तरीणबाई, पुढं येऊ का?" आणि मी हात वर करायची. त्यांची गुरंसुद्धा आपोआप मोहाजवळ थांबायला लागली.

आणि एका सकाळी, धुकं अजून बोडीवरून उठलं नव्हतं तेव्हा, रुषीकाका झाडाच्या अलीकडे आले. बरेच अलीकडे. खांद्यावर काठी, काठीला गठडी. कोंड्या उठून बसला. मानेवरचे केस उभे राहिले. मी झिंगा काढायला ओढणीची गाठ सोडायला लागले, पण गाठ ओली होऊन घट्ट बसली होती आणि मला उशीर झाला. कोंड्यानं रुषीकाकांकडे पाहिलं, आणि मग, मी काही न म्हणता, त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. 'तो आला बरं का, आता?' असं. मी गाठ दातांनी सोडली आणि सगळे झिंगे त्याच्यापुढं ओतले. रुषीकाका लांबून ओरडले, "काय झालं, रडते काहून?" मी रडत होते हे मला तोवर कळलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही, परीक्षा पास झाल्याचा आनंद म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मला आधी तो ओढणीचा ओला वास आठवतो.

मंडईच्या दिवशी पहाटेपासून घरात वड्यांचा आणि अनारशांचा घमघमाट होता. पाहुणे आदल्या दिवसापासून होते. सपरीत सतरंज्या, अंगणात पोरंसोरं, कोठ्यात पाहुण्यांचे बैल. मी आणि रुषीकाकांनी ठरवलं होतं की ढाल समोरच्या गल्लीनं येईल, फाटकाबाहेरच्या कडुनिंबापाशी आधी थांबेल, मग मी खूण केली की पुढं सरकेल. कोंड्याला घेऊन मी अंगणाच्या कोपऱ्यात बसले, फाटक लांबवर दिसेल अशी. ओढणीला झिंगे बांधलेले होते, यावेळी गाठ सैल ठेवली होती. मोठेबाबा सपरीत टोपी नीट करून बसले होते आणि माझ्याकडे अजिबात पाहत नव्हते.

पण समोरच्या गल्लीत जिलेबीची आणि खेळण्यांची दुकानं लागली होती, ढालीचा बांबू तिथून वळेना. मंडळी मागच्या वाटेनं, परसाकडून आली. पहिलं ढफडं वाजलं ते माझ्या पाठीमागे, कोठ्याच्या कोपऱ्याशी. मी वळले तर मोरपिसांचा झुपका आमच्या छपरावरून पुढं येत होता आणि त्याच्याखाली खांद्यावर बांबू घेतलेले रुषीकाका, अगदी जवळ. कोंड्या उठला. दोर ताणला गेला. तो एकदाच भुंकला, मोठ्यानं. अंगणातल्या पोरांनी सपरीकडे धाव घेतली. ढफडेवाला थबकला, मागे वळायला लागला. मी पाहिलं, मोठेबाबांचा हात टोपीकडे जात होता.

"रुषीकाका, तेथीच थांबा!" मी ओरडले. "कोणी मागं फिरू नका! कोणीच हलू नका!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. ढफडं थांबलं. बासरी थांबली.  आणि त्या शांततेत मोठेबाबा उभे राहिले. "ढाल थांबवते का पोट्टी? ढाल थांबवतात का कुठी?"

"थांबली हाये भाऊ," रुषीकाका जागेवरून म्हणाले. "फिरली नाही." आणि बांबू खांद्यावर घेऊन ते तसेच उभे राहिले, एक पाय पुढं टाकलेला, जसे मोहाच्या झाडाजवळ इतके दिवस उभे राहिले होते.

मी कोंड्याला घेऊन मागं सरकले, अंगण ओलांडून पार दुसऱ्या टोकाच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगापर्यंत. त्याला जेवढं अंतर पाहिजे तेवढं. तो थरथरत होता, पण येत होता. ढिगाला पाठ लागली तेव्हा मी खाली बसले. कोंड्यानं ढालीकडे पाहिलं. मोरपिसं वाऱ्यानं हलत होती. सगळं गाव एका कुत्र्याकडे पाहत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी झिंगा दिला. पुन्हा ढालीकडे, पुन्हा माझ्याकडे. झिंगा.

"आता हळू वाजवा," मी म्हणाले. ढफडेवाल्यानं रुषीकाकांकडे पाहिलं. "अरे, सांगून राहिली ना ती, वाजव!" रुषीकाका म्हणाले. ढफड्यावर हलकी बोटं पडली. कोंड्याचे कान मागं गेले, पण डोळे माझ्यावर राहिले. "या," मी म्हणाले, आणि रुषीकाका थोडे पुढं आले. मी हात वर केला, ते थांबले. मी हात खाली केला, ते आले. अशी, थांबत थांबत, एखाद्या नवरीसारखी ती ढाल आमच्या अंगणाच्या मध्यापर्यंत आली आणि रुषीकाकांनी बांबू खांद्यावरून उतरवून जमिनीवर उभा टेकवला. कोंड्या एकदा फुरफुरला आणि माझ्या पायावर हनुवटी टाकून आडवा झाला.

माय ताट घेऊन पुढं आली. ओवाळताना वाऱ्यानं दिवा दोनदा विझला आणि दोन्ही वेळा बाबांनी काडी ओढून लावून दिला. मग ढफडं पुरतं वाजलं, बासरी चढली, गोवारी मंडळी गोल धरून नाचली आणि पाहुणेही त्यात शिरले. मी तणसाजवळून हलले नाही. कोंड्याचं पोट झिंग्यांनी टम्म झालं होतं. मोठेबाबांनी सूप भरून धान आणलं, रुषीकाकांच्या उपरण्यात ओतलं, आणि मग सूप तसंच हातात धरून माझ्याजवळ आले. कोंड्याकडे पाहत राहिले. सूप त्यांनी खांद्यावर न घेता खाली, मांडीशी धरलेलं होतं.   "लोकाईले वडे दे," एवढं म्हणून ते फाटकाकडे गेले.

त्यांचे व्याही तेवढ्यात पोहोचले होते, बस उशिरा आल्यामुळे. मोठेबाबांच्या लेकीचे सासरे, मोठ्या मानाचे माणूस. त्यांच्यासमोर मोठेबाबा खुर्चीवर बसत नसत. खांद्यावर भरलेली पिशवी घेऊन ते फाटक ढकलायला लागले, तोच मोठेबाबांनी आतून फाटक धरलं.

"थांबा जी याही, थांबा," मोठेबाबा म्हणाले. "ते खांद्यावरचं आधी खाली ठेवा."

व्याह्यांना काही कळेना. "काहून? काय झालं?"

"झालं काही नाही. आमच्या कुत्र्याले खांद्यावरचं ओझं चालत नाही. चावत नाही तो, भ्यातो. पोट्टीनं शिकवलं हाये त्याले. खाली ठेवा, मी उचलतो."

गल्लीत जिलेबीवाले, खेळणीवाले, येणारेजाणारे सगळे पाहत होते. व्याह्यांनी पिशवी उतरवून धुळीत ठेवली आणि दोन्ही रिकामे हात पुढं करून उभे राहिले. मोठेबाबांनी वळून, सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "वर्षे, सोडू का आत?"

"सोडा," मी म्हणाले.